अस्सल तलवार हातात घेताना

युरोपातली मध्ययुगीन तलवार चार-पाच किलोची असे, हा चित्रपटांनी रुजवलेला समज अस्सल तलवार उचलताच गळून पडतो. एका हाताने चालवायची तलवार साधारण १.१ ते १.३ किलोची असते. त्याहून मोठे नवल म्हणजे तिचा तोल. मुठीच्या टोकाचा धातूचा गोळा पात्याचा भार सावरतो आणि पाते टोकाकडे पातळ होत जाते. त्यामुळे तोलबिंदू बहुधा मुठीच्या पुढे १० ते १५ सेंटिमीटरवर येतो. जाडीतला हा उतार काचेआडून कळत नाही, छायाचित्रात तर नाहीच. स्वस्त प्रतिकृती नेमक्या इथे फसतात.

हे हाताने शिकण्याचे महत्त्व इंग्रज अभ्यासक युअर्ट ओकशॉट (१९१६–२००२) यांनी आयुष्यभर सांगितले. पात्याचा आकार आणि वापर यांवर बेतलेले त्यांचे वर्गीकरण १९६० पासून आजही प्रमाण मानले जाते. त्यांचा संग्रह अमेरिकेत मिनियापोलिसच्या ओकशॉट इन्स्टिट्यूटकडे आहे आणि तिथे सामान्य माणसालाही तलवार हातात दिली जाते. अशी उदारता अधिक संग्रहालयांनी दाखवायला हवी.

शिस्त मात्र कडक. अंगठी, घड्याळ आधी काढायचे. घामातले क्षार पोलादाला गंज चढवतात, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालायचे. एक हात मुठीला, दुसरा पात्याखाली. फिरवून पाहण्याचा मोह आवरायचा: सहाशे वर्षांच्या गंजाने पाते आतून कुठे पोखरले आहे, ते वरून दिसत नाही.