माळावरची चढण आणि दोन चाकांची ओढ

करमाळा तालुका हा पश्चिमेस भीमा व पूर्वेस सीना या नद्यांच्या मधला प्रदेश होय. उजनीच्या फुगवट्याकाठीं ऊंस व केळी डोलत असल्या, तरी मधल्या उंचवट्यावरचे माळ अद्यापि मुरमाड व कोरडेच आहेत. अशा एका माळावर आमची सीताफळाची बाग आहे. उन्हाळ्यांत तिला टाकीनें पाणी न्यावें लागतें आणि वाट म्हणजे ओहोळाच्या कडेनें चढणारी बैलगाडीची जुनी चाकोरी. चारही चाकांनीं ओढणारी गाडी घेण्याची ऐपत नसल्यानें, मागच्या दोनच चाकांची ओढ असलेली पिकअप आम्ही तेथें नेतों.

पहिल्या वर्षीं वाट अजमावण्यास रिकामी गाडी घेऊन गेलों आणि निम्म्या चढणीवर एक चाक मुरमांत गरगरूं लागलें. आम्हीं अधिकच जोर दिला. चाक रुतलें, क्लच जळाल्याचा वास सुटला आणि दुरुस्तीस त्या हंगामांतील बरीचशी मिळकत गेली. दोष वाटेचा नव्हता. एक चाक मोकळें फिरूं लागलें म्हणजे डिफरेन्शियलच्या रचनेमुळें दुसऱ्या चाकासही तेवढाच दुबळा जोर मिळतो. आणि रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजनच नसतें. आतां रिकामें जाणें झाल्यास मुरमाच्या गोणी मागच्या आंसाच्या बरोबर वर ठेवतों. आंसाच्या फार मागें ठेवल्यास पुढचीं चाकें हलकीं होऊन गाडी वळेनाशी होते.

पुढच्या चाकांनीं ओढणाऱ्या मोटारीचें याच्या उलट आहे. चढावर वजन मागें सरकतें व ओढणारीं चाकेंच हलकीं पडतात. (फोर्डची जुनी ‘मॉडेल टी’ मोटार उभ्या चढावर उलटी चढवीत, तें मात्र निराळ्या कारणानें: तिचें पेट्रोल आपल्या उतारानेंच इंजिनांत जाई.)

खरें भय टाकीचें. हजार लिटर पाणी म्हणजे दहा क्विंटल भार. टाकी अर्धी असेल, तर चढावर पाणी एकदम मागें धांवतें. एकदां असेंच होऊन इंजिन बंद पडलें आणि गाडी मागें सरूं लागली. अशा वेळीं क्लच दाबून गाडी मोकळी सोडूं नये, किंवा आडवी वळवूं नये. आडवी गाडी उलटते. ब्रेक दाबून ठेवून रिव्हर्स गियर घालावा व सरळ मागें उतरावें. आम्ही तसेच उतरलों. बरोबरचा गडी आधींच उडी टाकून बाजूस झाला होता. तेव्हांपासून टाकी पूर्ण भरतों किंवा पूर्ण रिकामी ठेवतों, आणि चढणीवर गाडींत दुसऱ्या कोणास बसवीत नाहीं.

निघण्यापूर्वीं वाट पायीं पाहतों. बाभळीचे कांटे वेंचतों, चाकोरींत दगड भरतों. पहिल्या गियरमध्यें संथ चढतों व त्याच गियरमध्यें उतरतों. रिकामी गाडी असली, तर टायरची हवा थोडी कमी केल्यानें पकड वाढते, पण सडकेवर येतांच ती पुन्हां भरावी लागते. पाऊस झाल्यावर खालची काळी जमीन वाळेपर्यंत गाडी नेतच नाहीं.

वरच्या वळणाच्या पलीकडे चढण फारच उभी आहे. तेथें गाडी थांबवून चाकांमागें दगड लावतों आणि खालच्या झाडांस नळीनें पाणी सोडतों. वरच्या दोन ओळींस घागरीनें घालावें लागतें.