पोथ्यांचा राखणदार

ग्रंथपाल म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कोण उभा राहतो? नाकावर घसरलेला चष्मा, पुढ्यात वर्गणीदारांची वही आणि “पंधरा दिवस उलटले, दंड पडेल” असे मान वर न करता सांगणारा एक रुक्ष गृहस्थ! हा माणूस स्वतः काही लिहीत असेल, अशी शंकासुद्धा आपल्याला येत नाही.

परंतु वाचकहो, जगाच्या वाङ्मयात या रुक्ष गृहस्थाने मोठी करामत करून ठेवली आहे. अर्जेंटिनाचे विख्यात कथालेखक बोर्हेस एका नगरपालिकेच्या ग्रंथालयात नोकरीला होते. दिवसाचे काम तासाभरात उरकायचे आणि तळघरात बसून वाचायचे-लिहायचे, असा त्यांचा क्रम. १९५५ साली ते आपल्या देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक झाले, तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती! त्याच वर्षी इंग्रज कवी फिलिप लार्किन हल विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे प्रमुख झाले, आणि १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ती जागा सोडली नाही.

पण एवढ्या दूर कशाला जायचे? मला आज सांगायचे आहे ते आपल्या पुण्यातल्या एका राखणदाराविषयी. परशुराम कृष्ण गोडे हे त्यांचे नाव. जन्म १८९१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरूखचा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून ते हस्तलिखितांचे अभिरक्षक होते. म्हणजे हजारो पोथ्या सांभाळायच्या, त्यांच्या याद्या करायच्या आणि मागेल त्या विद्वानाला हवी ती पोथी काढून द्यायची. काम असे की, दुसऱ्याच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत आभाराची एक ओळ मिळाली तरी पुष्कळ. पण १९६१ मध्ये गोडे वारले, तोवर त्यांचे स्वतःचे चारशेहून अधिक शोधलेख झाले होते!

हे साधले कसे? मला वाटते, ते त्या यादीनेच साधले. पोथीची नोंद करायची तर पहिला प्रश्न येतो, ही केव्हाची? पुष्कळ पोथ्यांवर ग्रंथकाराने काळ दिलेलाच नसतो. मग शेवटचे पान पाहायचे. नक्कल करणाऱ्याने तिथे शक घातला असेल, तर मूळ ग्रंथ त्याच्या आधीचा. आत कोणा जुन्या ग्रंथकाराचा उल्लेख असेल आणि त्याचा काळ ठाऊक असेल, तर हा त्याच्या नंतरचा. असे दोन्हीकडून दोर आवळीत आणायचे, की ग्रंथाचा काळ हाती लागतो. ही कारकुनी करता करता गोड्यांच्या नजरेला भलभलते शब्द पडू लागले. एखाद्याने ते सोडून दिले असते. गोड्यांनी त्यांचा माग काढला.

आणि विषय तरी कोणते? लढाया नव्हेत, राज्याभिषेक नव्हेत. आपल्या आयाबहिणींच्या नाकातली नथ! ताटातली जिलेबी! ती सुमारे १४५० च्या एका जैन कथेत व्यापाऱ्याच्या पंगतीला वाढलेली त्यांना सापडली. खुद्द दिवाळीच्या सणाचा इतिहास त्यांनी लिहिला. १४०० ते १९०० या काळातल्या शोभेच्या दारूचाही लिहिला. ओरिसाचा राजा प्रतापरुद्रदेव याच्या ‘कौतुकचिंतामणी’त शोभेच्या दारूच्या कृती दिल्या आहेत, आणि आपल्या एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवरा’तल्या लग्नात आतषबाजी उडविली आहे, हे त्यात वाचताना आपल्या अंगणातली फुलबाजी एकदम चारशे वर्षांनी वडील वाटू लागते. गोड्यांचे बहुतेक लेखन इंग्रजीत झाले. म्हणूनच की काय, विद्वानांना ठाऊक असलेले हे नाव आपल्या घराघरांत पोचले नाही.

ग्रंथालय आणि लेखक यांचे खरे नाते मला इथे दिसते. त्या जैन कथेची नक्कल करणाऱ्याला जिलेबीच्या इतिहासाशी काय कर्तव्य होते? त्याने लिहिले, कोणी जपले, कोणी यादीत घातले, तेव्हा कुठे लेखक जन्मला. या साखळीतला एक दुवा तुटला असता, तर जिलेबी आपण तेवढ्याच आवडीने खाल्ली असती. पण ती आपल्याकडे केव्हापासून आहे, हे सांगायला कोणी उरले नसते.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय काय खाली येते! आजीची पाकक्रियेची वही, पणजोबांनी लिहिलेला मुंजीचा खर्च, मोडीतली दोन-चार बाडे. रद्दीवाला त्यांचे वजन करील आणि हातावर चार रुपये ठेवील. त्याला हाक मारण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहा. घरात ठेवायला जागा नसेल, तर गावातल्या जुन्या ग्रंथसंग्रहालयात जाऊन विचारा. आजीने चकलीला लागणारे जिन्नस कोणत्या भावाने आणले, हे आज कोणालाच नको असेल. शंभर वर्षांनी एखादा राखणदार नेमके तेच शोधीत बसलेला असेल.