रद्द झालेला हंगाम आणि पागेतील दिनक्रम

सन २०२० च्या वसंतऋतूत इंग्लंडातील अश्वारोहणाचा हंगाम करोनाच्या साथीमुळे ज्या आकस्मिकपणे थांबला, त्याचा आज शांतपणे मागोवा घेऊ लागलो म्हणजे प्रथम नजरेत भरते ती गोष्ट ही, की स्पर्धा बंद पडल्या तरी पागेतले काम एका दिवसापुरतेही बंद पडले नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात ग्लॉस्टरशायर परगण्यातील बॅडमिंटन येथे व्हावयाची त्रिदिवसीय स्पर्धा मार्चमध्येच रद्द झाली. २३ मार्च रोजी त्या देशात संचारावर सार्वत्रिक निर्बंध आले. आणि दुसऱ्याच दिवशी टोकियो येथील ऑलिंपिक सामने पुढे ढकलल्याचे जाहीर झाले. हिवाळाभर पहाटेच्या अंधारात, चिखलातून आणि दहिवरातून ज्यांनी घोडे तयार केले, त्या स्वारांच्या हाती तयार घोडे तेवढे उरले. ज्या दिवसासाठी ते तयार केले तो दिवसच दफ्तरातून खारीज झाला होता.

बॅडमिंटनला असा खंड अगदीच अपरिचित नव्हता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधील त्रिदिवसीय स्पर्धा ऑल्डरशॉट येथे झाली; ती पाहून ब्यूफोर्टच्या दहाव्या ड्यूकांनी १९४९ मध्ये आपल्या वाड्याभोवतीच्या विस्तीर्ण उद्यानात तिचा परिपाठ सुरू केला; आणि तेव्हापासून १९७५, १९८७ व २०१२ या साली पावसाने, तर २००१ साली लाळ्या-खुरकुताच्या साथीने तिच्यावर पाणी फिरवले. वस्तुतः तो रोग दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा, घोड्याला तो होत नाही. परंतु माणसांच्या बुटांबरोबर आणि गाड्यांच्या चाकांबरोबर तो गावोगाव जाऊ शकतो, म्हणून घोड्यांच्या मेळाव्यांनाही मनाई झाली. मात्र पावसाने एक मैदान बुडवले तर स्वार पुढील पंधरवड्यात दुसरे मैदान गाठीत असे. २०२० मध्ये गाठावयास दुसरे मैदान नव्हते आणि वाट पाहण्यास तारीखही नव्हती.

अशा वेळी ‘मन प्रसन्न ठेवा’ असा उपदेश चहूकडून होतो, आणि त्यावेळी तो फार झाला. माझ्या मते त्या उपदेशाने कोणाचे मन सावरले असेल तर ते थोड्यांचेच; पुष्कळांना सावरले ते घोड्याच्या गरजेने. घोड्याला दिनदर्शिका ठाऊक नसते. सकाळची वैरण, पाणी, खरारा, खुरांची तपासणी आणि लीद काढणे ही कामे सामने असोत वा नसोत ठरल्या वेळी व्हावी लागतात, आणि ती करणाऱ्या माणसाला खिन्नपणे बसून राहण्याची सवड मिळत नाही.

शिवाय काम थांबवणे हेदेखील घोड्याच्या बाबतीत मोठ्या निगुतीचे काम असते. स्पर्धेच्या बेताने चंदी खाणाऱ्या घोड्याची मेहनत एकाएकी बंद करून चंदी तशीच चालू ठेवली, तर पुन्हा कामाला लावताच त्याचे स्नायू ताठरून तो जागच्या जागी खिळतो. पूर्वी रविवारी विश्रांती घेणाऱ्या ओझ्याच्या घोड्यांना सोमवारी सकाळी हा विकार जडत असे. वसंतातल्या कोवळ्या, साखरेने भरलेल्या गवतावर त्याला मोकळे सोडावे, तर खुरांच्या आत दाह होऊन तो लंगडा होण्याचे भय. तेव्हा कोणी चंदी पायरीपायरीने उतरवली, कोणी मागचे नाल काढून घोडे कुरणात सोडले, कोणी जमिनीवर दांडे मांडून दुडकीच्या चालीचा मेळ बसवला, तर कोणी लांब दोरीवर कावा देऊन त्यांचे अंग सैल ठेवले. उंच उड्या आणि भरधाव रपेट बहुतेकांनी आपण होऊन वर्ज्य केली, कारण साथीने गजबजलेल्या इस्पितळात एका पडलेल्या स्वाराची भर घालणे हा अपराध आहे, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

या व्यवस्थेची आस्था आपल्याकडेही जुनीच आहे. मराठ्यांचे घोडदळ दसऱ्याला बाहेर पडे आणि पावसाळ्यात छावणीला बसे. चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांना शिवछत्रपतींनी लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणावैरण आजच मनास येईल तशी उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, लोक मग कुणब्यांना उपद्रव देतील, आणि गंजीजवळ दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात पळवून सारी वैरण भस्म करील, इतक्या बारकाव्याने महाराजांनी ताकीद दिली आहे. स्वारीचा विजय बंद हंगामात राखलेल्या गंजीवर अवलंबून असतो, हे ज्याने जाणले त्याच्याच लेखणीतून असे पत्र उतरावे.

इंग्लंडात सर्वांत कठीण अवस्था मात्र त्यांची झाली, ज्यांचे घोडे दुसऱ्याच्या तबेल्यात भाड्याने ठेवलेले होते. कित्येक तबेल्यांनी मालकांना येण्यास मनाई केली. खावंद घरी आणि घोडा दहा मैलांवर. अशांनी घरात खोगिरे तेल देऊन मऊ केली, बैठक व तोल सुधारण्याचे व्यायाम केले, जुन्या फेऱ्यांची चित्रणे पाहून स्वतःच्या हाताचे दोष शोधले. ज्यांना आपल्याच आवारात स्वारी करता येत होती, त्यांनी ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचे, पाठ चित्रित करून पंचांकडे पाठवले आणि गुण मागवले. शिकाऊ मुलांवर चालणाऱ्या अश्वशाळांना तर उत्पन्न नव्हते आणि खाणारी तोंडे तेवढीच होती. त्यांच्या चालकांचे धैर्य मला कोणत्याही पदकाहून मोठे वाटते.

जुलैत प्रेक्षकांवाचून काही स्पर्धा सुरू झाल्या. त्या वर्षी सर्वोच्च, म्हणजे पंचतारांकित दर्जाची स्पर्धा जगात एकच झाली, ती ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधील पो येथे. आणि ती जिंकली लॉरा कॉलेट या स्वाराने. २०१३ मधील अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावलेली ही स्त्री ‘लंडन ५२’ या घोड्यावर तेथे पहिली आली. पुढच्या वर्षी युरोपात घोड्यांच्याच हर्पीस विषाणूने पुन्हा काही आठवडे आंतरराष्ट्रीय स्पर्धा बंद पाडल्या. पण टोकियो पार पडले. तेथे जर्मनीच्या युलिया क्रायेव्स्कीने त्रिदिवसीय स्पर्धेचे वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले, जे तोवर कोणाही स्त्रीला मिळाले नव्हते. तिचा भरवशाचा घोडा डोळा काढावा लागल्याने त्याच वर्षी निवृत्त झाला होता, आणि ती बसली होती त्या मानाने अननुभवी अशा घोडीवर. पुढे ढकललेले ते वर्ष त्या घोडीला शिकावयास मिळाले नसते तर हे घडते ना, असे मला राहून राहून वाटते. त्याच मैदानावर बंगळुरूचे फवाद मिर्झा ‘मेडिकॉट’वर तेविसावे आले. जर्मनीत राहून सराव करणारे फवाद हे सिडनीला २००० साली गेलेल्या मुंबईच्या इम्तियाज अनीस यांच्यानंतरचे पहिले भारतीय ऑलिंपिक अश्वारोही होते.

तथापि या यशांनी त्या वर्षाचा सारा हिशेब चुकता झाला, असे मी म्हणणार नाही. घोड्याच्या ऐन उमेदीची वर्षे मोजकी. पंधरा-सोळा वर्षांच्या घोड्याचा एक हंगाम बुडाला तर तो पुढल्या सनात जमा होत नाही. बॅडमिंटन २०२१ मध्येही रद्दच झाले आणि २०२२ च्या मे महिन्यात पुन्हा भरले, तेव्हा विजयी ठरली पुन्हा लॉरा आणि लंडन ५२ हीच जोडी. परंतु २०१९ मध्ये त्या उद्यानात धावलेले कित्येक घोडे या वेळच्या स्पर्धकांच्या यादीत नव्हते. त्यांची वैरण, खरारा आणि नालबंदी त्यांच्या स्वारांनी मधल्या तीन वर्षांत चालूच ठेवली होती.