एक किल्ली, सतरा कुलपं!

ऑफिसातलं सगळं एकाच पासवर्डने उघडतं? सॉलिड सोय! पण ती किल्ली तुमच्या हातात देणारा आणि वेळ झाली की परत घेणारा कुणीतरी असतो. साताऱ्यात बसून सांगलीची कुलपं सांभाळणाऱ्या अशाच एकाचे हे अनुभव.

सकाळचे नऊ चाळीस. फोन वाजतो. "अरे, माझा पासवर्ड चालेना रे..."

माझा दिवस असाच सुरू होतो. मी सातारा एमआयडीसीतल्या एका कंपनीत आयटी सांभाळतो. डिपार्टमेंट म्हटलं की भारदस्त वाटतं, पण माणसं दोनच. मी मूळचा सांगलीचा, आणि कंपनीचं दुसरं ऑफिसही सांगलीतच. त्यामुळे सव्वाशे किलोमीटरच्या दोन्ही टोकांना पासवर्ड विसरणारी जेवढी जनता आहे, ती सगळी माझी!

पूर्वी तर कहर होता. मेलचा पासवर्ड वेगळा, हजेरीचा वेगळा, रजेचा वेगळा, पगाराच्या स्लिपचा वेगळा. एकदा मोजले, तर सतरा भरले. यावर पब्लिकने शोधलेला उपाय म्हणजे मॉनिटरला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी. नाहीतर मुलीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. शेवटी आम्ही सगळ्यांची खाती एका मध्यवर्ती यादीत आणली आणि सिंगल साइन ऑन सुरू केलं. सकाळी एकदा लॉगिन करायचं, दिवसभर सगळी दारं उघडी. सगळे खूश. मला वाटलं, आता आपलं काम संपलं. छे! ते तर तिथून सुरू झालं.

कुठला पाटील?

यादी करायला बसलो, तर दोन्ही ऑफिसांत मिळून 'एस. पाटील' सात निघाले. गावात हा प्रश्न चुटकीसरशी सुटतो. मळ्यातला पाटील, वाड्यातला पाटील, मास्तरांचा धाकटा पाटील. कॉम्प्युटरला मात्र 'मळ्यातला' कळत नाही. आम्ही नावापुढे एक ते सात आकडे टाकून मोकळे झालो. मग काय, चौथ्या पाटलांच्या बढतीची मेल सहाव्या पाटलांना गेली. त्यांनी ऑफिसभर कंदी पेढेही वाटले. पुढचं विचारू नका.

मग आली लग्नसराई. सुट्टीवरून परतलेल्या एका सहकारी मुलीचं आडनाव बदललेलं, आणि सासरच्या रिवाजाप्रमाणे पहिलं नावही. खातं नावावर बेतलेलं असेल, तर सिस्टिमच्या लेखी ती चक्क नवी बाई! जुन्या मेल्स, उरलेल्या रजा, सगळं माहेरच्या नावावर अडकलेलं.

तेव्हा धडा शिकलो. खात्याचा पाया नाव नव्हे, नंबर. न बदलणारा, एकदा एकाला दिला की दुसऱ्याला कधीच न देण्याचा. नाव ही त्यावर चिकटवलेली पाटी, हवी तेव्हा बदला. देशपातळीवर आधारचा फंडा हाच आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिली आधार कार्डं दिली गेली. त्यावरच्या बारा आकड्यांत नाव, जात, जिल्हा असलं काहीही दडलेलं नसतं. म्हणूनच माणसाचं नाव-गाव बदललं तरी नंबर तोच राहतो.

एसटीच्या पासची आयडिया

एकदाच लॉगिन करून सगळं उघडतं कसं? हे मला आमच्या कराडहून रोज अपडाऊन करणाऱ्या पोरांकडे बघून समजावता आलं. एसटीचा पास काढताना डेपोत एकदा कागदपत्रं दाखवायची. नंतर कंडक्टर तुमची कागदपत्रं मागत नाही, फक्त पास बघतो. त्याचा विश्वास तुमच्यावर नसतो, डेपोच्या शिक्क्यावर असतो. आणि पासाची मुदत संपली, की तुम्ही कितीही ओळखीचे असा, तिकीट काढा!

इथेही तसंच. सकाळी तुम्ही मध्यवर्ती सर्व्हरला पासवर्ड देता, तो एक डिजिटल पास देतो. मेल, हजेरी, रजा हे सगळे 'कंडक्टर' तेवढाच बघतात. तुमचा पासवर्ड त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९८० च्या दशकात बांधलेल्या कर्बेरॉस या पद्धतीत या पासला नावच 'तिकीट' आहे. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावर पहारा देणारा तीन तोंडांचा कुत्रा असतो, त्याच्यावरून कर्बेरॉस हे नाव. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० पासून तीच पद्धत उचलली. तिथे हे तिकीट साधारणपणे दहा तास चालतं आणि दोन्हीकडच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला तर नाकारलं जातं. सांगलीत एका जुन्या पीसीचा सेल उतरून घड्याळ मागे पडलं होतं. 'पासवर्ड बरोबर आहे हो!' असं तो बिचारा दोन दिवस सांगत होता आणि त्याचं खरं होतं.

७ ऑगस्ट २०१९

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय ती गोष्ट.

त्या आठवड्यात सांगलीत कृष्णेने रौद्ररूप घेतलं होतं. आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातलं आमचं ऑफिस पाण्यात. माणसं मिळेल त्या नातेवाइकांकडे. आणि सात तारीख, म्हणजे पगाराची शेवटची मुदत. सांगलीच्या साठेक कामगारांचा पगार ज्या सिस्टिममध्ये तयार होता, तिचे अधिकार तिथल्या अकाउंट्सच्या मॅडमकडे होते. फक्त त्यांच्याकडे.

दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन. "अरे, मी बोलतेय. विश्रामबागला भावाकडे आहे. मोबाइल पाण्यात गेला, ओटीपी कुठून येणार? गडबडीत पासवर्ड चुकला, खातं लॉक झालंय. एवढं उघडून दे."

आवाज त्यांचाच होता. वीस वर्षं नोकरी झालेली बाई. घरात पाणी शिरलेलं, तरी डोक्यात कामगारांचा पगार. पण 'फोनवर पासवर्ड बदलून द्यायचा नाही' हा नियम मीच केला होता. दोनच महिन्यांपूर्वी कुणीतरी साहेबांच्या नावाने फोन करून माझ्याकडून पासवर्ड काढायचा प्रयत्न केला होता.

"मॅडम, मी ओळखतो हो तुम्हाला. पण सिस्टिमला ओळख पटवायला लागेल."

"माझ्या घरात कमरेएवढं पाणी आहे आणि तू मला ओळख विचारतोस?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. तरीही थांबलो. त्यांच्या भावाच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावला, सांगलीच्या मॅनेजरना त्यात घेतलं, त्यांची मंजुरी त्यांच्याच मेलवरून मागवली. मग तात्पुरता पासवर्ड दिला आणि ओटीपीसाठी भावाचा नंबर जोडला. फक्त एका दिवसापुरता, असं मी बजावून सांगितलं. चाळीस मिनिटं गेली. संध्याकाळच्या आत पगाराची फाइल बँकेकडे रवाना झाली. ज्यांच्या घरात काहीच उरलं नव्हतं, त्यांच्या खात्यात निदान पैसे तरी आले.

दिलं, पण घेतलं कुठे?

गोष्ट इथे संपली असती, तर मी हिरो ठरलो असतो. ऑक्टोबरमध्ये खात्यांची तपासणी करायला बसलो आणि मॅडमच्या खात्यावर भावाचा नंबर तसाच! एका दिवसासाठी दिलेला, अडीच महिने जोडलेला. चूक सर्वस्वी माझी. त्याच यादीत मार्चमध्येच नोकरी सोडून गेलेल्या तिघांची खातीही चालू सापडली. कुणी काही गैर केलं नव्हतं. पण दार उघडं होतं.

सतरा कुलपं होती, तेव्हा एक उघडं राहिलं तर एकच खोली उघडी राहायची. आता एका किल्लीने अख्खा वाडा उघडतो. म्हणून आता आमच्याकडे माणूस सोडून गेला, की त्याच संध्याकाळी खातं बंद. बदली झाली, की जुने अधिकार आधी काढायचे, नवे नंतर द्यायचे. तात्पुरतं काही दिलं, तर ते आपोआप संपण्याची तारीख टाकूनच द्यायचं. आणि पगारासारख्या कामाचे अधिकार कधीही एकाच व्यक्तीकडे ठेवायचे नाहीत.

मॅडम पुढे रिटायर झाल्या. निरोप समारंभाच्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अरे, मेल उघडेना."

"मॅडम, सहा वाजता मीच बंद केलं."

क्षणभर शांतता. मग हसल्या. "शिकलास बाबा एकदाचा!"

चौकट : तुमच्या किल्लीचं काय?

तुम्ही आयटीत नसलात तरी 'गुगलने साइन इन करा' हे बटण दाबताच ना? म्हणजे तुमचं गुगल खातं हीच तुमची मध्यवर्ती किल्ली. सरकारी सेवांसाठीही २०२२ पासून 'मेरी पहचान' हे सिंगल साइन ऑन आहे. मग एवढं कराच :

• गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन कुठकुठल्या अ‍ॅप्सना परवानगी दिलीय ते बघा. वापरात नसलेली काढून टाका.

• ओटीपी किंवा रिकव्हरीसाठी कुणाचा नंबर जोडलाय? जुना? एक्सचा? आजच बदला.

• मोबाइल हरवला तर काय, याचा विचार आधीच करा. गुगल दहा बॅकअप कोड देतं. ते कागदावर उतरवून कपाटात ठेवा. मॉनिटरवर नको!

• नोकरी सोडताना 'माझं खातं बंद केलंत ना?' असं स्वतःहून विचारा. तुमच्या नावाने मागे कुणी काही करू नये, यात तुमचाच फायदा आहे.

• आयटीवाल्याने फोनवर पासवर्ड द्यायला नकार दिला, तर त्याच्यावर चिडू नका. उद्या तुमच्या नावाने कुणी फोन केला, तर त्यालाही तो हेच उत्तर देणार आहे.