शेळीच्या दुधावर कालवड

2022 चा पावसाळा आपल्यापैकी कुणी विसरलं नसेल. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात, लम्पीची पहिली जनावरं सापडली. कन्नडचा घाट उतरला की खाली जळगाव जिल्हाच लागतो, त्यामुळे आजाराला वर यायला फार दिवस लागले नाहीत. अंगभर गाठी, ताप, पायाला सूज. गुरांचे बाजार बंद झाले. दावणीची जनावरं वाचवायची कशी, एवढंच सगळ्यांच्या तोंडी होतं.

त्याच दिवसांत देवगाव रंगारीला आमच्या एका गटाची बैठक होती. बचत मोजून झाली, सह्या-अंगठे झाले, आणि सगळ्या उठायला लागल्यावर एक ताई हळूच म्हणाल्या, "आमची गाय गेली. मागं सहा दिवसांची कालवड आहे. घरात शेळ्या दुधात आहेत. शेळीचं दूध पाजलं तर जगेल का?"

कोपऱ्यातल्या एका आजीनं लगेच सांगून टाकलं, "जगंल, पण शेळीएवढीच राहील."

आजचं बोलणं या दोन वाक्यांवरच आहे.

आधी ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. हो, जगते. शेळीचं दूध आणि गाईचं दूध यांत फार अंतर नाही. दोन्हींत स्निग्धांश साधारण साडेतीन ते साडेचार टक्के असतो, प्रथिनंही जवळपास सारखीच. म्हशीचं दूध त्यापेक्षा खूप दाट, सात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे गाईच्या वासराला म्हशीपेक्षा शेळीचं दूध जवळचं. शिवाय शेळीच्या दुधातले चरबीचे कण बारीक असतात, म्हणून त्यावर साय कमी धरते आणि ते पचायला हलकं जातं. बकऱ्या पाळणाऱ्या घरांत पोरकं वासरू शेळीच्या दुधावर वाढवणं ही जगभरची जुनी रीत आहे.

मग आजीबाईंचं म्हणणं कुठून आलं? त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असणार, त्या खोटं बोलत नव्हत्या. पण चूक दुधाची नाही, मापाची आहे. आपली उस्मानाबादी शेळी दिवसाला अर्धा ते दीड लिटर दूध देते. आपण एका शेळीचं दूध काढतो, त्यातलं चहाला ठेवतो आणि उरलेला तांब्या वासरापुढं धरतो. वासराला लागतं त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं दूध. 25 किलोचं वासरू असेल तर दिवसाला अडीच लिटर. त्याला पाऊण लिटर मिळालं तर ते खुरटणारच, मग दूध शेळीचं असो की गाईचं.

म्हणून पहिला हिशेब असा. अडीच लिटर रोज, दोन महिने. साठ दिवसांचे दीडशे लिटर. हे कुठून येणार ते आधी ठरवायचं आणि मगच हात घालायचा. त्या ताईंकडे तीन शेळ्या दुधात होत्या, पण त्यांतल्या एकीच्या मागं महिन्याची दोन करडं होती. तिसरीचं दूध आटत आलेलं. घरचं सगळं मिळून दीड लिटरच्या वर जात नव्हतं.

इथं गट कामाला आला. दोघी शेजारणींनी रोज सकाळी अर्धा-अर्धा लिटर द्यायचं कबूल केलं. फुकट नाही. आम्ही वहीत वेगळं पान केलं, तारीख आणि माप लिहिलं. गाईच्या दुधाला डेअरीत जो भाव त्या आठवड्यात मिळेल, तोच या दुधाला धरायचा असं ठरलं. शेळीचं दूध आपल्याकडच्या डेअरीत कुणी घेत नाही, म्हणून त्याला किंमतच नाही अशी आपली समजूत झालेली असते. त्या पानावर पहिल्यांदा त्याला किंमत लागली.

आता एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. करडाच्या तोंडचं काढून वासराला पाजू नका. पहिले दोन महिने करडाचं पोट दुधावरच असतं, आणि करडू मेलं तर वासरू जगवून काय मिळवलं? रात्री करडं वेगळी कोंडायची, सकाळी धार काढायची, मग करडं सोडायची ती संध्याकाळपर्यंत आईजवळ, असं जमतं. ज्या शेळीची करडं मोठी होऊन पाल्याला लागली आहेत किंवा विकली आहेत, तिचं दूध आधी धरावं. जुळी करडं असलेली शेळी सोडून द्यावी. आणि ज्या शेळीची धार काढतो तिला मूठभर मका, थोडी पेंड जास्त पडली पाहिजे. नुसत्या बांधावरच्या चाऱ्यावर ती दोन घरं कशी पोसणार?

त्या कालवडीचं नशीब एवढं, की गाय आजारी पडायच्या आधी तिला आईचा चीक मिळाला होता. चिकाला पर्याय नाही. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आजाराशी लढायची ताकद जवळपास नसते, ती चिकातून येते. ती आतड्यातून रक्तात जायची वाटही पहिल्या चोवीस तासांत मिटत जाते. म्हणून पहिल्या तास-दोन तासांत पहिला चीक पोटात गेला पाहिजे. वार पडायची वाट बघत बसायचं नाही. गाय वितानाच गेली तर गावात त्याच एक-दोन दिवसांत व्यालेली निरोगी गाय शोधा आणि तिच्या मालकिणीकडून चीक मागून आणा. खरवस करायला आपण चीक मागून आणतोच की! तेही नाही मिळालं तर ताज्या व्यालेल्या शेळीचा चीक, तिच्या करडांचं पोट भरून उरलेला. काहीच नसण्यापेक्षा तो कितीतरी बरा. चीक उकळायचा नाही, उकळला की फाटून खरवस होतो.

दुधाचं मात्र उलटं. शेळीचं दूध उकळूनच पाजायचं, मग कोमट करायचं. त्याचं कारण आहे. शेळीकडून गाईच्या जातीला लागणारे काही आजार दुधातून जातात. एक सांसर्गिक गर्भपात, ज्याला डॉक्टर ब्रुसेलोसिस म्हणतात. दुसरा जोन्स रोग, ज्यात जनावर हगवणीनं वाळत जातं आणि आजार दिसायला वर्षं लागतात. कालवड लहानपणी तो घेऊन बसली तर तुम्हाला कळतं ती व्यायच्या वयात आल्यावर. जी शेळी गाभडली आहे, जी वाळत चालली आहे, जिची कास सुजलेली आहे, तिचं दूध वासराला नाहीच.

ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. गाभडलेल्या शेळीचं पिल्लू, वार, घाण आपणच उचलतो, बहुतेक वेळा उघड्या हातानं. पुढं महिनोन्महिने ताप येतो-जातो, सांधे धरतात, आणि आपण अंगदुखीच्या गोळ्या खात राहतो. हातमोजे नसतील तर निदान प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधा आणि घाण खोल पुरा. तसा ताप आला तर डॉक्टरांना "घरी शेळ्या आहेत" हे आपणहून सांगा.

पाजायची पद्धत. पहिला आठवडा दिवसातून तीन वेळा, नंतर दोन वेळा, रोज त्याच वेळेला. दूध कोमट, म्हणजे बोट घातलं तर ना गार ना गरम. पाणी घालून वाढवायचं नाही. आईच्या दुधावरून शेळीच्या दुधावर वासरू आणताना शक्य असेल तर चार-पाच दिवसांत हळूहळू आणावं. त्या ताईंना तशी सोय नव्हती. दोन दिवस कालवडीचं शेण पातळ झालं, मग बसलं.

बांबूच्या नळकांड्यानं घशात ओतायची सवय सोडा. वासरू स्वतः चोखतं तेव्हा त्याच्या गळ्याखाली एक पन्हळ मिटते आणि दूध सरळ चौथ्या पोटात जातं, जिथं ते पचतं. ओतलं तर ते चुकीच्या पोटात जाऊन आंबतं, नाही तर श्वासनळीत जातं आणि वासरू न्यूमोनियानं मरतं. बूच असलेली बाटली घ्या, मान थोडी वर राहील अशी धरा. भांड्यातून शिकवायचं असेल तर स्वच्छ बोटं दुधात बुडवून तोंडात द्यायची आणि चोखू लागलं की हात हळूच भांड्यात खाली न्यायचा. दोन-तीन दिवसांत शिकतं. कधी कधी पाच दिवस लागतात, तेवढा धीर ठेवायचा.

काही घरांत शेळीला ओट्यावर उभं करून वासरू थेट लुचायला लावतात. दिसायला मजेशीर, आणि काही शेळ्या उभ्याही राहतात. आमचं मत विचाराल तर नको. वासरू पान्ह्यासाठी ढुशी मारतं. गाईला ती सोसते, शेळीच्या कासेला नाही. सडाला जखम झाली की कास जाते. वर किती दूध पोटात गेलं हेही कळत नाही.

हगवण लागली तर दूध पूर्ण तोडू नका. दोन पाजण्यांच्या मध्ये दवाखान्यातून आणलेली क्षारांची पुडी पाण्यातून द्या. डोळे खोल गेले, मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लवकर बसली नाही, किंवा शेणात रक्त दिसलं, तर 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा, फिरत्या दवाखान्याची गाडी येते. जंताचं औषध पहिल्याच महिन्यात लागतं. मात्रा डॉक्टरांनी वजनावरून सांगायची, शेजारच्या बाटलीतलं अंदाजानं ओतायचं नाही.

वजन कसं कळणार? शिलाई मशीनच्या खणात टेप असतोच. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात घ्या. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला 660 नं भागा. किलो मिळतात. घेर 28 आणि लांबी 24 असेल तर साडेअठ्ठावीस किलो. तराजूसारखं नेमकं नाही, पण दर आठवड्याला मोजलं तर वासरू वाढतंय की थांबलंय ते लपत नाही. त्या ताईंची नववीतली मुलगी दर रविवारी हे गणित करून गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहायची. चौथ्या रविवारचा आकडा तिसऱ्याइतकाच आला तेव्हा शोध घेतला. घरातला धाकटा त्यातलं पेलाभर दूध रोज चहाला वळवत होता!

दुसऱ्या आठवड्यापासून वासरापुढं मक्याचा भरडा, पेंड, थोडं खनिज मिश्रण असं कोरडं खाणं ठेवावं, सोबत कोवळा वाळलेला चारा आणि स्वच्छ पाणी. दुधात लोह कमी असतं, आणि मोठं पोट तयार होतं ते दाण्यानं आणि चाऱ्यानं. आपल्या भागात मक्याची कमी नाही. दिवसाला पाऊण-एक किलो दाणा खायला लागलं की दूध आठवडाभरात कमी करत बंद करता येतं. साधारण दोन ते तीन महिन्यांत ही वेळ येते.

जाता जाता, बैठकीत निघालेली एक शंका. वासराला चालतं तर तान्ह्या बाळाला का नको? सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध. शेळीच्या दुधात फॉलिक आम्ल फार कमी असतं, त्यावरच ठेवलेल्या बाळाचं रक्त कमी होतं. वासराचा नियम पाळण्यात आणू नका.

आता त्या वहीच्या पानाकडे. नोव्हेंबरच्या शेवटी दूध बंद केलं तेव्हा बेरीज दीडशे लिटरच्या थोडी वर गेली. लिटरला 30 रुपये धरले तरी साडेचार हजार रुपये. शेजारणींचा वाटा ताईंनी पुढं एक करडू विकून फेडला. लम्पीत मेलेल्या गाईसाठी सरकारनं 30 हजार रुपये मदत ठरवली होती. त्या पैशांचं काय करायचं ते घरात ठरलं, कारण गाय मालकांच्या नावावर होती. पण कालवड कुणाची? बहुतेक घरांत गाय-बैल पुरुषांचे आणि शेळ्या बाईच्या, असं न बोलता चालत आलेलं असतं. ही कालवड गाईची, पण शेळ्यांच्या दुधावर वाढलेली. घरात यावर दोन-तीन दिवस धुसफूस झाली, ते आम्ही लपवत नाही. सासूबाई सुनेच्या बाजूनं बोलल्या. त्या म्हणाल्या, "धार कुणी काढली ते मी बघितलंय."

जनावराच्या कानात जो पिवळा बिल्ला मारतात, त्याच्या 12 आकडी क्रमांकापुढं मालकाचं नाव नोंदवलं जातं. विमा, कर्ज, मदत, सगळं पुढं त्या नावानं चालतं. कालवड चार महिन्यांची झाली तेव्हा लसीकरणाचं पथक गल्लीत आलं. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलोसिसची लस एकदाच देतात. पथकातल्या माणसानं सवयीनं विचारलं, "मालकाचं नाव?" ताईंनी आपलं नाव सांगितलं आणि आधार कार्ड पुढं केलं.

तुमच्या गावात पथक येणार असेल त्या दिवशी कार्ड आणि मोबाइल दोन्ही घरात ठेवा. पुरुषमंडळी शेतात गेली म्हणून नोंद अडत नाही.