इनकॉग्निटो नेमका कोणापासून लपवतो?

क्रोममध्ये इनकॉग्निटो, एजमध्ये इनप्रायव्हेट, सफारी आणि फायरफॉक्समध्ये प्रायव्हेट विंडो. नावं वेगळी, सोय एकच. सफारीत ती २००५ मध्ये आली आणि २००८ मध्ये क्रोम आला तोच ही सोय घेऊन. गडद पडदा आणि त्यावर टोपी-चष्मा घातलेला गुप्तहेर, हे चित्र ज्याने निवडलं त्याने अर्धे गैरसमज तिथेच पेरून ठेवले, असं माझं मत आहे.

खिडकी बंद केली की त्यातली हिस्टरी, कुकीज आणि फॉर्ममध्ये भरलेला मजकूर ब्राउझर पुसून टाकतो. त्यानंतर तोच फोन किंवा कॉम्प्युटर वापरणाऱ्याला तुम्ही काय पाहिलंत ते ब्राउझरमध्ये दिसत नाही. बस, काम एवढंच. एकच फोन घरातल्या चौघांच्या हातात फिरतो तिथे हेही थोडं नाही. पण लोकांची अपेक्षा याच्या कितीतरी पुढे जाते. शिकागो विद्यापीठ आणि जर्मनीतलं हॅनोव्हरचं लाइबनिट्स विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ४६० जणांना अशा खिडकीवरच्या सूचना वाचायला दिल्या आणि मग प्रश्न विचारले. गूगलमध्ये लॉग-इन असतानाही आपले शोध नोंदले जाणार नाहीत, असं निम्म्याहून अधिक लोकांना वाटलं. व्हायरसपासून बचाव होतो असं मानणारे चौथ्या हिश्शाहून जास्त होते. म्हणजे सूचना वाचूनही ही गत!

खरं तर इनकॉग्निटोत जीमेल उघडलंत की तुम्ही कोण हे तुम्हीच सांगून टाकलंत. त्यानंतरचे शोध तुमच्या खात्यात जमा होऊ शकतात, दुसऱ्या फोनवरूनही तिथे दिसू शकतात. व्हायरसचा तर इथे संबंधच नाही. फसवी लिंक गडद खिडकीतही तितकीच फसवी असते.

आता मोठा गैरसमज: आपण कुठे गेलो ते कोणालाच कळत नाही. प्रत्येक संकेतस्थळाला तुमचा आयपी पत्ता दिसतो, त्यावरून शहराचा अंदाजही येतो. तुमची इंटरनेट कंपनी मधेच बसलेली असते. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असेल तर पानावरचा मजकूर तिला वाचता येत नाही, पण संकेतस्थळाचं नाव बहुतेक वेळा कळतं. एखाद्या आजाराच्या संकेतस्थळावर गेलात हे कळेल, त्यातला कोणता लेख वाचलात ते कळणार नाही. भारतात दूरसंचार खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हापासून कंपन्यांना इंटरनेट वापराच्या ठरावीक नोंदी किमान दोन वर्षं जपाव्या लागतात. खिडकी तुम्ही साध्या रंगाची उघडलीत की गडद, याचा त्या नोंदींशी संबंध नाही.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर गोष्ट आणखी पुढे जाते. आयटी विभाग त्यावर स्वतःचं सुरक्षा प्रमाणपत्र बसवून एचटीटीपीएसच्या आतलंही पाहू शकतो किंवा इनकॉग्निटोच बंद करून टाकू शकतो. नोकरी शोधायची तर स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर शोधावी.

व्हीपीएन, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा, घेतलं तर? मग इंटरनेट कंपनीऐवजी व्हीपीएनवाल्याला दिसतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपायला सांगितलं, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले.

गूगलवर अमेरिकेत जून २०२० मध्ये दाखल झालेला खटला इनकॉग्निटोबद्दलच्या गोंधळावरच उभा होता. लोक इनकॉग्निटोत असतानाही इतर संकेतस्थळांवर बसवलेली गूगलची जाहिरात आणि मोजणीची यंत्रणा माहिती गोळा करत राहते, ही तक्रार होती. मागणी किमान पाच अब्ज डॉलरची. तडजोडीच्या अटी एप्रिल २०२४ मध्ये कोर्टापुढे आल्या. गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं आणि सूचनेची भाषा सुधारायचं कबूल केलं. वापरणाऱ्यांना मात्र या तडजोडीतून पैसे मिळाले नाहीत.

तिकिटांच्या दराबद्दलही एक समजूत आहे: इनकॉग्निटोत शोधलं की स्वस्त मिळतं. पण राजधानी, शताब्दी, दुरांतोचं भाडं सप्टेंबर २०१६ पासून जागा भरतील तसं टप्प्याटप्प्याने चढतं. विमानातही स्वस्त गटातल्या जागा संपल्या की पुढच्या गटाचा दर दिसू लागतो. सकाळी पाहिलेला दर संध्याकाळी वाढला, तर आधी कुकीजऐवजी उरलेल्या जागांवर संशय घ्यावा.

मग ही सोय कामाची कुठे? परक्या कॉम्प्युटरवर. सायबर कॅफे, ग्रंथालय, गावातलं ई-सेवा केंद्र. तिथे मेल उघडायचा असेल तर प्रायव्हेट विंडोच वापरावी. ती बंद केली की ब्राउझरमधलं लॉग-इन मागे राहत नाही. पण नेमकी इथेच एक चूक सर्रास होते. ई-आधार डाउनलोड केलं, प्रिंट घेतली, खिडकी बंद केली आणि आपण निघालो. फाइल मात्र डाउनलोड्स फोल्डरमध्ये तशीच बसलेली असते, कारण उतरवलेल्या फाइलींना ब्राउझर हात लावत नाही. बुकमार्कही तसेच राहतात. त्यात ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. तुमचं नाव आणि जन्मसाल माहीत असलेल्याला तो सहज कळतो.

उठण्याआधी ती फाइल शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबून काढावी, म्हणजे ती रिसायकल बिनमध्ये जात नाही. प्रिंटसाठी केंद्रचालकाला व्हॉट्सॲपवर पाठवली असेल, तर तीही त्याच्यासमोरच काढायला लावावी. आणि एक नव्हे, सगळ्या प्रायव्हेट खिडक्या बंद कराव्यात. एखादी उघडी राहिली तर तुमचं लॉग-इन त्यात चालू असू शकतं. कोणी कीबोर्डवरची प्रत्येक कळ नोंदवणारं सॉफ्टवेअर बसवलं असेल, तर यातलं काहीच उपयोगी नाही. म्हणून बँकेचा पासवर्ड अशा ठिकाणी टाकूच नये.