शिवणघरातलं पॅरिस

फ्रेंच फॅशनचा इतिहास म्हटलं की शनेल आणि दिओर ही नावं चटकन ओठांवर येतात. त्यांच्यासाठी शिवणाऱ्या हातांची आठवण मात्र क्वचितच निघते. माझ्या मते हा इतिहास शिवणघरातच घडला.

कॉर्सेटच्या जाचातून बायकांना सोडवल्याचं श्रेय पोशाखकार पॉल प्वारेला देतात. पण त्यानेच पुढे घोट्यापाशी इतका अरुंद स्कर्ट आणला की पाऊल टाकणं मुश्कील व्हावं! खरी मोकळीक दिली ती मादलेन व्हियोने यांनी. लहानपणीच शिवणकामाला लागलेल्या व्हियोने कागदावर चित्र काढत बसत नसत. छोट्या लाकडी बाहुलीवर कापड टाकायचं, टाचण्या लावायच्या, पुन्हा सोडायचं. क्रॉसमध्ये, म्हणजे विणीला तिरकं, कापलेलं कापड ताणलं जातं, अंगाच्या वळणाने वळतं. शिंप्यांना हे ठाऊक होतंच, पण व्हियोनेंनी अख्खा पोशाखच क्रॉसमध्ये कापला आणि त्यासाठी जास्त पन्ह्याचं कापड खास विणून घेतलं. त्यांच्याकडच्या कामगार बायकांना भरपगारी रजा आणि दवाखानाही होता.

इतरत्र असं काही आपसूक मिळत नव्हतं. १९१७च्या मे महिन्यात, महायुद्ध चालू असताना, पॅरिसच्या शिवणकाम करणाऱ्या मुली शनिवारच्या अर्ध्या सुट्टीसाठी रस्त्यावर उतरल्या. पगार न कापता ती सुट्टी देणारा कायदा जूनमध्ये झालाही.

१९४०मध्ये पॅरिस ताब्यात घेतलेल्या जर्मनांना फॅशनचा हा सगळा व्यवसाय बर्लिन-व्हिएन्नाला हलवायचा होता. पोशाखकार ल्युसियाँ लेलाँ यांनी तो हलू दिला नाही. भरतकाम, लेस, बटणं, पिसं करणारे कारागीर गल्लोगल्ली विखुरलेले. ते उचलून नेणार कसे?

मार्च १९४५मध्ये, कापडाची टंचाई असताना, याच कारागिरांनी तारेच्या बाहुल्यांना नखशिखांत सजवून पॅरिसमध्ये प्रदर्शन मांडलं. बाहुली माणसाच्या एक तृतीयांश उंचीची, पण टोपी, हातमोजे, बूट अस्सल, त्या मापाचे. प्रदर्शनाचं उत्पन्न युद्धग्रस्तांना गेलं.

लेलाँकडे काम केलेल्या ख्रिस्तियान दिओरने १२ फेब्रुवारी १९४७ला आपला पहिला संग्रह दाखवला. भांडवल कापड-उद्योजक मार्सेल बुसाक यांचं. एकेका घेरदार स्कर्टला कित्येक मीटर कापड. माँमार्त्रच्या बाजारात फोटोसाठी आलेल्या मॉडेलच्या अंगावरचा तसा पोशाख बायकांनी ओढून फाडला. कापड मिळत नसलेल्या बायांचा तो संताप मला रास्तच वाटतो. तरी त्याच घेराने पॅरिसच्या शिवणघरांना पुन्हा भरपूर काम दिलं, हेही तितकंच खरं.